चांदीचे डोळे

दिवेआगर, ता. ६ जानेवारी १९३२

ती. अनंतदादास, कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

मी बाळंतपणातून नीट उठले आहे, बाळही खुशाल आहे. काळजी आहे ती थोरल्या गोदूची. पाच वर्षांची पोर आताशा खांबाला धडकते. श्रीवर्धनचे डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मुंबईत लवकर शस्त्रक्रिया केली नाही तर दृष्टी जाईल. पण सासूबाईंनी गावदेवीला चांदीचे डोळे वाहिले आहेत. चैत्रातल्या जत्रेपर्यंत वाट बघायची, पोरीच्या डोळ्याला सुरी लावायची नाही, असा त्यांचा हट्ट. आईपुढे ह्यांच्या तोंडून ब्र निघत नाही. तुझा निराकार देव तर दिसत नाही. सल्ला तरी दिसेल असा पाठव.

तुझ्या मायेची धनी,
कोकिळा

गिरगाव, मुंबई, ता. ११ जानेवारी

चि. सौ. कोकिळेस अनेक उत्तम आशीर्वाद.

गोदूला ताबडतोब पाठव. इथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. तुझ्या सासूबाईंना, आवडाबाईंना, माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, ज्याने समुद्र भरला, माडांत पाणी चढवलं, त्याच्यासारखं दुसरं आहे तरी काय, की त्याचा चेहरा सोनाराने घडवावा? त्याला आपण कसले डोळे देणार! त्याने दिलेले सांभाळले तरी पुष्कळ. रागावल्या तर रागावू देत. मी चांगला लांब आहे.

लोभ आहेच, तो वाढू दे.
अनंता

दिवेआगर, ता. १९ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं आणि सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. आज गोदूला घेऊन देवळात गेल्या, तर मेण सुटून देवीचा एक डोळा खाली पडलेला. त्या शोधू लागल्या, आणि गोदूही जमीन चाचपत शोधू लागली. घरी येऊन रडल्या. म्हणाल्या, जिला आपला पडलेला डोळा उचलता येत न्हाय, तिच्यापाशी मी पोरीचे डोळे मागत व्हते गं. मग अंगणात उभ्या राहिल्या आणि समोर काहीच नसताना हात जोडले.

उद्याच्या बोटीने त्या, हे आणि गोदू निघतात. बाळामुळे मी येत नाही. माझा जीव तुझ्या हवाली.

कोकिळा

गिरगाव, मुंबई, ता. १२ फेब्रुवारी

चि. सौ. कोकिळेस अनेक उत्तम आशीर्वाद.

आज पट्टी सुटली. गोदूला दिसतं! चष्मा लागेल, पण दिसतं. आजीच्या नथीला हात लावून खुदकन हसली. देवाचे उपकार कसे मानू ते कळत नाही. मी तर आनंदाच्या भरात डॉक्टरांचा वर्तमानपत्रातला फोटो चौकटीत बसवला, भिंतीवर टांगला, हार घातला आणि उदबत्तीही लावली.

आवडाबाई बघत होत्या. म्हणाल्या, एकीला गावात ठेवून आले, आता तू हा दुसरा बसवू नको रे बाबा. डॉक्टरांचे हात ज्याने केले, त्याला हात जोड. तुझ्या यजमानांना हसू आवरेना.

मी हार काढला. तो आता गोदूच्या गळ्यात आहे. एकेक फूल डोळ्यांजवळ नेऊन ती बघत बसली आहे.

सगळ्यांवर माया ठेव.
अनंता