गाळलेली बातमी

मोर्शी, रविवार, संध्याकाळ

उद्या मी नोकरीसाठी अकोल्याला जाणार. आईला वाचता येत नाही, म्हणून तिच्या मोबाइलवर बातम्या मोठ्याने वाचून दाखवणारं एक फुकटचं ॲप टाकून दिलं. वाटलं, माझ्यावाचून तिचं पेपर ऐकणं अडायला नको. शिकल्याचा एवढा तरी उपयोग.

ॲपने सगळं वाचलं. शेतकऱ्याने विष घेतल्याची बातमीसुद्धा, बाजारभावाच्याच आवाजात. असली बातमी मी कॉलेजपासून रोज आईला पेपर वाचून दाखवताना गाळत आले. घसा खाकरायचा आणि पान उलटायचं. बाबा एकटेच वावरात जातात, आईच्या जिवाला घोर कशाला?

मी घाईने मोबाइल बंद केला. आई तूर निवडतच राहिली.

"मले मालूम होतं बाई. तू घसा खाकरला का मले समजे, आज बी कोनी तरी गेला."

इतकी वर्षं? मग एकदाही विचारलं का नाही?

"काढून टाकू का हे ॲप?"

"राहू दे तुरीच्या भावासाठी. बातम्या फोनवर तूच वाच अकोल्याहून. खाकरत जाय."

अंधार पडला. बाबा अजून वावरातून आले नाहीत. आम्ही दोघीही तसं म्हणत नाही.