रणगाड्यात नवा रेडिओ

मु. धामणखेड, ता. मोर्शी
६ मार्च १९६६

आदरणीय देवरावदादा यांस,
देवमनचा सप्रेम जयभीम.

पत्राच्या माथ्यावर 'तीर्थरूप' लिहिले नाही म्हणून रागावू नये. थोरल्या मेहुण्याला तो मान द्यायला माझी ना नाही. पण तीर्थे आपण सोडली, मग ती माणसांना तरी कशाला चिकटवायची? तेव्हा 'आदरणीय' या एका शब्दात सगळे भरून पावले असे समजावे.

तुमच्या गुडघ्यांचे कसे आहे? बाळापूरहून अकोल्याला बदली झाली तेव्हा तुम्ही म्हणाला होता की नव्या कचेरीला दोन जिने आहेत. त्या दोन्ही जिन्यांचा मी इथून जाहीर निषेध करतो. पंचफुलावहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तर डॉक्टरलाच दाखवावे, कोणाचा अंगारा घेऊ नये. (वहिनी घेणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण शेजारच्या बाया आणून देतात, आणि खोकणारा माणूस बेसावध असतो.) इकडे आम्ही मजेत आहोत. संत्र्यांचा बहर उतरून झाला, माल अमरावतीला गेला. तुमची बहीण मनकर्णा ठणठणीत आहे आणि गेल्या रविवारपासून तर फारच आनंदात आहे. तो आनंद कशाचा हे सांगायला बसलो आहे. पण तो सांगायचा तर आधी रेडिओ सांगावा लागेल, आणि रेडिओ सांगायचा तर गाडी सांगावी लागेल. तेव्हा चहा मागवून घ्यावा.

नागपूरच्या आकाशवाणीवर माझे भाषण झाले हे तुम्हाला कळवलेच होते. विषय होता 'ग्रामीण जीवनात स्त्रियांचे स्थान'. तिथल्या साहेबांनी भाषण लिहून मागितले. मी आयुष्यात भाषण लिहिलेले नाही, तरी लिहून नेले. काचेच्या खोलीत बसवले, पुढे तो यंत्राचा दांडा ठेवला आणि वाचायला सांगितले. पहिले पान मी वाचले. दुसऱ्या पानावर आलो आणि मला वाटले, देवमन, कोट्यवधी स्त्रियांचा प्रश्न आणि तू कागदात तोंड घालून बसला आहेस! कागद ठेवला बाजूला आणि सुटलो. बाहेर आलो तेव्हा साहेब हसत होते. म्हणाले, जागा दहा मिनिटांची आहे, तुम्ही तिच्या दुप्पट बोललात. ध्वनिमुद्रणातले बेताचे तेवढे ठेवून पुढे एका रविवारी ऐकवू. आता कोणते ठेवले आणि कोणते गेले, हे ऐकल्याशिवाय कळणार कसे?

घरी येऊन मी मनकर्णाला मोठ्या अभिमानाने ही बातमी दिली. ती चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, "बाईच्या हक्कावर तुमी तिकडं बोलता, तवा मी इकडं तुमच्या संगं येनाऱ्या मानसाईच्या भाकरी थापून राहते. वीस वर्सं झाले, तुमचं एक भाषन मले बसून आयकाले भेटलं नाही."

दादा, मी मोठमोठ्या सभांत विरोधकांना निरुत्तर केले आहे. मोर्शीच्या बाजारात ऐन गर्दीत उभा राहून बोललो आहे. पण हे वाक्य ऐकून मी बाहेर गेलो आणि उगाच गाडी पुसत बसलो. त्यात पुन्हा भाषणाच्या उत्तरार्धात थोडा मजकूर तिच्याविषयीच होता. तो काचेच्या खोलीत सहज आला. घरात तोंडावर बोलायचा म्हटला तर मला घाम फुटला असता. म्हणून ठरवले की काय वाटेल ते होवो, हे भाषण मनकर्णाने बसून ऐकलेच पाहिजे. त्या दिवशी चूल बंद, पाहुणे बंद, भाकरी बंद.

पण ऐकायचे कुठे? ग्रामपंचायतीचा रेडिओ सरपंचांच्या घरी नांदतो. पंचायतीला जागा नाही म्हणून तो तिथे आहे, असे सांगतात. ऐकायला जावे तर सरपंच पायरीखाली तरट अंथरून देतात, आणि पायरीवर बसावे तर त्यांना अचानक बातम्या नकोशा होतात. ज्या भाषणात मी माणसाच्या बरोबरीविषयी बोललो, ते तरटावर बसून ऐकू? शक्य नाही. राहता राहिला आपल्या गाडीतला रेडिओ.

आपली पिकअप तुम्ही पाहिलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढली, पुढे तीन मालक झाले, मग माझ्याकडे आली. गाव तिला रणगाडा म्हणते. तिच्यात पहिल्यापासून एक रेडिओ होता. आकाराने गव्हाच्या डब्याएवढा. बटण दाबले की आतल्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत माणसाने शांतपणे आपल्या आयुष्याचा विचार करावा, आणि तापल्या की घूंऽऽ असा एक आवाज ऐकावा. त्याच्यापुढे त्याची मजल कधी गेली नाही. मनकर्णा मात्र गाडीतून जाताना त्याच्या उबेवर चहाची किटली ठेवायची आणि म्हणायची की असा गुणी रेडिओ दुसरा नाही.

तेव्हा रणगाडा घेऊन मी अमरावतीला गेलो. वामनराव म्हणून तिथे एक गाड्यांच्या विजेचे काम करतात. माणूस सज्जन, पण मतांनी माझ्या अगदी उलट, त्यामुळे आमचे चांगले जमते. त्यांनी नवा ट्रान्झिस्टर रेडिओ दाखवला. केवढा? पानाच्या डब्याएवढा! मी म्हटले, हाच विज्ञानाचा विजय. वामनराव म्हणाले, "विजय हाय, पन तुमच्या गाडीच्या भोकात तो विजय पडून जाईन ना साहेब." आणि खरेच होते. जुना रेडिओ तिघांनी मिळून ओढला तेव्हा त्याच्याबरोबर वेग दाखवणारे घड्याळही हातात आले. (ते तसेही कधी हलत नव्हते.) मागे जे भगदाड उरले त्यात मोठे कलिंगड सहज मावले असते. शेवटी वामनरावांनी गाडीतलीच संत्र्याची एक पेटी फोडली, तिच्या फळ्या ठोकल्या आणि त्यांच्या मधोमध रेडिओ बसवला. काम झकास झाले. फक्त त्या फळीवर छापलेले 'नाजूक माल, आदळू नये' हे शब्द बरोबर चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आले. आमच्या रस्त्यांवर ते वाचत गाडी हाकणे म्हणजे रोजची चेष्टा आहे.

आता तारा जोडायच्या. रेडिओबरोबर एक माहितीपत्रक होते. मी ते दुकानात उभ्या उभ्या वाचून काढले (छापलेले काहीही मी वाचल्याशिवाय सोडत नाही) आणि वामनरावांना बॅटरीच्या तारा त्यात दाखवल्याप्रमाणे जोडायला लावल्या. ते काहीतरी सांगू पाहत होते, पण मी तेव्हा वाचत होतो. मग त्यांनी खिशातून लिंबू काढले. "साहेब, नवी चीज हाय. एक लिंबू बांधू द्या."

दादा, तुम्ही मला ओळखता. मी लिंबाच्या इतिहासापासून सुरुवात केली. माणसाने विजेला तारेत कोंडले, आणि त्या विजेच्या मानेला तुम्ही लिंबू बांधता? ज्या विद्येने हा आवाज नागपूरहून इथवर आणला, ती विद्या लिंबाला विचारून आली काय? दुकानापुढे माणसे जमली, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. (वामनराव मध्येच जेवून आले असे मागाहून कळले.) मग मी विजयी मुद्रेने बटण दाबले. रेडिओ मुका. पुन्हा दाबले. मुका. जमलेली माणसे एकदा रेडिओकडे आणि एकदा लिंबाकडे पाहू लागली.

"बांधलं असतं त..." वामनराव म्हणाले.

"बांधलं असतं तर सरबत झालं असतं," मी म्हणालो. "तारा पाहा!"

तारा पाहिल्या. या जातीच्या गाडीत बॅटरी उलटी जोडलेली असते, म्हणजे आपण जी तार एका बाजूची समजतो ती दुसऱ्या बाजूची निघते. वामनराव मघापासून तेच सांगत होते. म्हणजे दोष लिंबाचा नव्हता, हे माझे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. दोष माझा होता, हे त्याहून खरे ठरले, पण त्यावर मी बोललो नाही. तारा बदलल्या आणि रेडिओ असा खणखणीत बोलला की समोरच्या हॉटेलातली माणसे कपबशा घेऊन बाहेर आली.

एकच अडचण राहिली. इंजिन चालू केले की रेडिओत ज्वारीच्या लाह्या फुटतात. वामनरावांनी दोन दिवस खटपट केली आणि निकाल दिला, "गाडी बंद, तवा रेडिओ चालू. गाडी चालू, तवा रेडिओ बंद. दोनी संगं पाह्यजेन त दुसरी गाडी घ्या."

चालेल, म्हटले. भाषण काही पळत ऐकायचे नाही.

तो रविवार उजाडला. रणगाडा मी विहाराच्या पटांगणात लावला, दोन्ही दारे उघडी टाकली, बांबूला तार बांधून उभी केली. सगळी वस्ती आली, आणि मला सांगताना आनंद होतो की माळ्यांची, कुणब्यांचीही बरीच घरे आली. सरपंचांचा धाकटा भाऊसुद्धा आला आणि आमच्या शेजारी जमिनीवर बसला. मनकर्णाला मी स्वतः हाताला धरून गाडीत रेडिओपुढे बसवले. नवे लुगडे नेसली होती. "कोनी भाकरी मांगितली त मी उठनार नाही," असे तिने सर्वांना बजावून ठेवले.

आता आपल्या लोकांची रीत तुम्हाला माहीत आहे. चार माणसे एकत्र बसली की ती सभा होते, आणि सभा म्हटली की अध्यक्ष पाहिजे. आपले पंजाबराव उठले आणि सूर्यभानजींनी अध्यक्षस्थान स्वीकारावे अशी सूचना मांडली. तिला अनुमोदन मिळाले, त्या अनुमोदनालाही एकाने पाठिंबा दिला. मग हार. अध्यक्षांना हार, मला हार, बोनेटला हार. रेडिओला घालायचा तर तो बसेना, म्हणून तो बांबूला घातला. तेवढ्यात आतून आवाज आला, "...यांचे भाषण ऐका. वक्ते आहेत धामणखेडचे श्री. देवमन खंडारे." काय त्या टाळ्या दादा! गावाचे नाव रेडिओतून येते आहे! टाळ्या थांबेनात. त्या थांबवाव्यात म्हणून अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "रेडिओतले देवमनजी बोलूनच राहिले हायत. पन खरे देवमनजी आपल्या समोर उभे हायत. त्याईनं आधी दोन शब्द प्रास्ताविक करावं, अशी मी आज्ञा करतो."

अध्यक्षांची आज्ञा! मी सभेची शिस्त कधी मोडलेली नाही. मी बोनेटवर चढलो. लोकांना विषय समजावा, पार्श्वभूमी कळावी, एवढाच हेतू होता. मी प्राचीन काळापासून आरंभ केला, कारण तिथूनच त्या प्रश्नाला आरंभ आहे. पेशवाईपर्यंत आलो तेव्हा मागे दार आपटल्याचा आवाज आला. मग दुसरे दार. मग काचा वर चढल्या. मी म्हटले, डास असतील. आवाज चढवला. असा बोललो दादा, असा बोललो की माझ्याच अंगावर काटा आला. "आणि आता," शेवटी मी म्हणालो, "या विषयावर रेडिओ काय म्हणतो ते आपण शांतपणे ऐकू या!"

सगळे शांत झाले. मी खाली उतरून दार उघडले. रेडिओ कापसाचे भाव सांगत होता.

माझे भाषण, दादा, माझ्याच भाषणाखाली दबून गेले. सबंध पटांगणात त्यातला एक शब्द कोणी ऐकला नाही. आणि गंमत अशी की कोणाला त्याचे दुःखही नव्हते. लोक मला येऊन सांगत होते की रेडिओवर काय मस्त बोललात. मनकर्णा गाडीतून उतरली. मी विचारले, "ऐकलंस?"

"आयकलं."

"कसं झालं?"

तिने पदर सारखा केला. "चांगलं होतं. तुमच्यापेक्षा लहान होतं."

त्यानंतर बॅटरी संपली. अध्यक्षांसह सर्व सभेने रणगाडा ढकलत आमच्या बगिच्यापर्यंत आणला, वाटेत आभारप्रदर्शनही उरकले. हसून हसून माणसांची पोटे दुखली. असा रविवार धामणखेडात पुन्हा होणे नाही.

वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद. जिना एकेक पायरी थांबत चढावा.

आपला,
देवमन

ता. क. तुमच्या घरी रेडिओ आहे आणि वेळ मी आधीच कळवली होती. तेव्हा तुम्ही ऐकलेच असेल. माझे त्यात काय काय ठेवले, ते सवडीने लिहून पाठवावे.

दुसरा ता. क. सवडीने नको, लगेच पाठवावे. खरे विचारायचे ते एवढेच: मी म्हटले होते की मी गावोगाव बोलत फिरलो तेव्हा बगिचा, माल, मजूर आणि अमरावतीचे दलाल हे सगळे एका बाईने सांभाळले, माझी पुस्तकेही तिच्याच कष्टांतून आली, आणि तिचे नाव मनकर्णा आहे. हे वाक्य राहिले की गेले? मी तिला रोज विचारतो. ती हसते आणि एखादे भलतेच वाक्य सांगते.

तिसरा ता. क., मनकर्णाच्या हातचा. दादा, जयभीम. हे पत्र पोस्टात टाकाले यायनं माह्यापाशी देल्लं, म्हनून वाचलं. ते वाक्य होतं. माहं नाव बी होतं, साफ आयकू आलं. पन तू यायले कळवजो नको. रोज सांजच्याले हे स्वतः चहा करून आनतात, माह्यापुढं बसतात अन् पुसतात, मंग पुढं काय म्हटलं मी? मी रोजचं एक वाक्य सांगून राहिली. वीस वर्सात पयल्यांदा चूप बसून आयकून राहिले. दहा मिन्टाचं भाषन हाय, मिरगाच्या पावसापर्यंत पुरवते.