कवितेला दहा टक्के

बुध., ६ ऑगस्ट
आज पुन्हा तेच. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या शाळेत मराठीला शिक्षक नाही. म्हणून दर बुधवारी मी जळगावात, संस्थेच्या कॉम्प्युटर-रूममध्ये बसून तिथल्या पाचवीला जुन्या क्रमिक पुस्तकातल्या कविता व्हिडिओवरून म्हणून दाखवतो. निवृत्त माणसाचं तेवढंच सुख. आणि आवाज तुटतो! मात्राच्या मात्रा गिळल्या जातात. तिकडच्या वर्गशिक्षिका सुनीताबाई म्हणाल्या, "गुरुजी, पाखरांच्या कवितेत तुम्ही मधेच गप्प होता." मी? वर्गात? गप्प?

गुरु., ७
योगेशला धरलं. माझा विद्यार्थी, आता संस्थेचं नेटवर्क बघतो. सर्व्हरमध्ये नेटवर्क-कार्ड एकच, पण त्याचे चार भाग पाडलेत. ऑफिस, परीक्षा, कॅमेरे. चौथ्यात मी आणि सगळ्या शाखांचे व्हिडिओ-धडे. बाहेर जाणाऱ्या बँडविड्थवर प्रत्येकाला हमीचा वाटा. आमचा पाच टक्के. कॅमेऱ्यांना चाळीस!
"कॅमेरे काय बघतात रे?"
"स्कूटर स्टँड, गुरुजी."
घरी आलो तरी कानशिलं तापलेली. चहा निवून गेला.

सोम., ११
सचिव भाऊसाहेबांकडे. म्हणे, "एकदा रेकॉर्ड करून पाठवा की. वर्ग बंदच करू." आणि मुलांचं म्हणणं मी कुठून ऐकायचं? भिंतीकडून? भांडलो. शेवटी वाटा दहा केला; पण महिनाअखेर सुधारणा नाही तर वर्ग बंद.

बुध., १३
दहा मिळाले. फरक काडीचा नाही.

गुरु., १४
योगेश मान खाली घालून. चुकलं की अजून अहिराणीत शिरतो. "गुरुजी, दहा ही हमी. पण तुमनी कमाल मर्यादाबी पहिलेपासून दहाच शे. बाकीना तिन्ही झोपेल ऱ्हायनात तरी तुमले जास्त भेटाव नही."
म्हणजे मी हमीसाठी घसा कोरडा केला आणि कुंपण जागच्या जागी!
"कुंपण घातलं कोणी?"
"मीच. भाऊसाहेबनी सांगेल व्हतं. म्हणे, व्हिडिओ-धडा बठ्ठी बँडविड्थ खाई टाकतीन."
पांझरेकाठचं गाव आठवलं. फडाच्या, म्हणजे सामायिक शेतीच्या, पाटाला पाण्याची पाळी असायची; वडील पाटकरी, पाळीचं पाणी सोडणारे. एखाद्याला नको असलं तर पाणी पुढच्या शेतात जायचं, कोणी अडवायचं नाही. संध्याकाळी पाटाच्या कडेनं चालत मी पाठ केलेलं म्हणायचो. वाहत्या पाण्याबरोबर चाल आपोआप लागायची. वास येतो अजून, ओल्या मातीचा नि...
इथे पाट भरलेला, घेणारा कोणी नाही, तरी शेवटच्या वाफ्याचं दार बंद.

मंगळ., १९
उपाय सोपा आहे. हमी दहाच ठेवायची, कमाल शंभर. कोणाची हमी कमी होत नाही. फक्त सर्व्हर एकदा बंद करून चालू करायचा. भाऊसाहेब: "कॅमेरे बंद पडतील. जबाबदारी कोणाची?" सही नाही. एक स्कूटर तेवढा वेळ कोणी बघितली नाही तर ती रडेल का? हे तोंडावर म्हणालो. बरं केलं.

बुध., २०
वही मांडीवर आहे, अक्षर वाईट येईल.
आज म्हटलं, तुम्ही म्हणा, मी ऐकतो. तिकडून येणारा आवाज स्वच्छ येतो, कुंपण फक्त जाणाऱ्याला. पाखरांची कविता. खणखणीत सुरुवात. दुसऱ्या ओळीत सगळा वर्ग एकदम गप्प. मग पुढे. चौथीत परत गप्प. जिथे जिथे माझा आवाज गेला होता तिथे तिथे, सगळे मिळून, शिस्तीत.
"बाई, हे मधेच का थांबतात?"
"गुरुजी, तुमचा तास मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतला होता, रोज ऐकवला. तुम्ही तसंच म्हणता ना? त्यांना वाटलं, चालच तशी."
गळालेले शब्द त्यांना ठाऊकच नाहीत. कविता त्यांच्या पुस्तकात नाही.
दुसरी ओळ सावकाश, सबंध म्हटली. पडद्यावर मुलांच्या माना डोलल्या: बरोबर, असंच. बाई हळूच म्हणाल्या, "परत तिथेच तुटलं, गुरुजी."
उठून तडक भाऊसाहेबांच्या दाराशी. धुळ्याला मीटिंगला गेलेत म्हणे.
योगेश आला. "गुरुजी, घर जा. भाऊसाहेब उशिरा येतीन."
"येऊ दे. तू सर्व्हरपाशी बस, सही झाली की लगेच बंद-चालू कर."
बाहेरच्या बाकावर लिहितोय. कविता पहिल्या ओळीपासून म्हणतोय, मोठ्यानं. शिपाई दोनदा डोकावून गेला. फाटकातून गाडीचा आवाज आला, भाऊसाहेबांचीच असावी; वही मिटतो, कविता नाही.