भिंतींच्या आतली अकरा वर्षं

३ मे २०१५, रविवार
'मस्कतच्या मराठी आईबापांनो, मे उजाडला की आपली पोरं घरात कोंडली जातात. बाहेर भट्टी, आत टीव्ही.' शुक्रवारच्या भाषणाची सुरुवात. बरी जमली आहे.

आमच्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन. प्रमुख पाहुणा मिरो. अल् खुवैरच्या हॉलमध्ये आपल्या पोरांना फुटबॉल शिकवतो तो गोरा. परिचय नेहमीप्रमाणे माझ्याकडे. फोन करून कारकीर्द विचारली. युरोपात तीन वर्षं, बरीचशी राखीव खेळाडूंच्या बाकावर. मग अमेरिकेत अकरा वर्षं इनडोअर, म्हणजे हॉलमधला फुटबॉल; चारी बाजूंनी फळ्यांची भिंत. "चेंडू बाहेर जातच नाही. आपटून परत येतो. दमायला सवड नाही."

बाकाचं त्यानं आपणहून सांगितलं. आमच्या मंडळात बाकावर बसलेला माणूस मला अजून भेटायचाय. सगळे कॅप्टन.

५ मे, मंगळवार
परिचय सेक्रेटरी वर्तकांना पाठवला. लगेच फोन. इनडोअर काढा म्हणे. "अहो, लोक म्हणतील मैदानावर जमलं नाही म्हणून हॉलमध्ये गेला. मंडळाची काय शोभा राहिली?" आणि तीन वर्षांची 'युरोपातील प्रदीर्घ कारकीर्द' स्वतःच करून टाकली.

करणारच. सुट्टीत डोंबिवलीला गेला की स्वतःचा हुद्दा एक पायरी चढवून सांगणारा हा गृहस्थ. एकटा तोच कशाला, आम्ही सगळे तिकडे जमलं नाही म्हणूनच इथे आलो. ते कुणाच्या परिचयात नसतं.

बायकोपुढे तणतणलो. मेथी निवडता निवडता नीता म्हणाली, "तुम्ही तरी आता कुठे मैदानावर बोलता? पुण्यात चौक गाजवायचात. इथे एसी हॉल, राजकारण वर्ज्य, आणि लोकांचं लक्ष जेवणाकडे."

मी मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली.

६ मे, बुधवार
संध्याकाळी हॉलवर. मिरोला काटछाट सांगितली. चिडेल वाटलं होतं. शिट्टी पुसत राहिला. मग: "तीन वर्षं वाचा, हरकत नाही. पण तेव्हा मी खेळ बघत होतो. खेळलो नंतर."

वर्तकांची मुलगी भिंतीवरून आलेला चेंडू न थांबवता मारते. सगळ्यांत चपळ. बाप खाली गाडीत एसी लावून मोबाइल बघत होता. एकदाही वर आलेला नाही, मिरो म्हणाला. शोभेची काळजी मात्र याला.

७ मे, गुरुवार
वर्तकांना कळवलं, अकरा वर्षांसकट वाचेन, नाहीतर नाही. "मग राहू द्या. मीच वाचतो." खलास. मस्कतला आल्यापासून पहिल्यांदाच मंडळाच्या व्यासपीठावर मी नसणार. दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं झालं, हेही लिहून ठेवतो.

८ मे, शुक्रवार, दुपार
नीता माझ्या झब्ब्याला इस्त्री करते आहे. "भांडू नका तिथे." भांडणार नाही. तिसऱ्या रांगेत बसेन. घसा शाबूत आहे, पण मी उठलो तर रुसलेला वक्ता म्हणतील आणि विषय माझाच होईल. दुसऱ्या कुणीतरी उठायला हवं. सकाळपासून चौघांना फोन केले. चौघेही "बघू" म्हणाले. आमच्यात बघू म्हणजे नाही.

तरी, आईबापांनो, माइक नसला म्हणून इथे सांगतो. पोरं तुमची आहेत, वर्तकांची नव्हेत. परिचय संपला की टाळ्यांआधी एकानं हात वर करा आणि मिरोला एवढंच विचारा: तुम्ही खेळलात कुठे?