स्वयंपाकघरातला हिरवा दिवा

२८ जून, शनिवार
नववीत असताना बाबा म्हणाले होते, "मनीषा, तू रेडिओचं फक्त बटण दाब, आत काय चालतं ते विचारू नकोस." तीस वर्षांनी विचारलं. सेक्टर १७ मधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या क्लासला नाव घातलं. बटण, सेन्सर म्हणजे इनपुट. दिवा, बझर म्हणजे आउटपुट. सोपं आहे.
हे मी स्वतःसाठी करतेय. लेक ऋचा एकतीस जुलैला चेन्नईच्या हॉस्टेलला जाणार, त्याचा काही संबंध नाही.

५ जुलै, शनिवार
प्रोजेक्ट ठरला. ऋचाच्या खोलीत बटण, स्वयंपाकघरात बझर. तिला भूक लागली की दाबेल, मी हजर. नाहीतरी दार लावून, कानात हेडफोन घालून बसते. तिला सांगितलं. म्हणाली, मम्मी, नो नॉइज प्लीज. म्हणजे कल्पना आवडली, आवाज नको. बझरऐवजी हिरवा दिवा.

८ जुलै
दिवा थेट नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावला. एकदाच लागला, फार सुंदर. मग जळाला. मधे करंट कमी करणारा रेझिस्टर लागतो म्हणे. माल हलका असणार.

१३ जुलै, रविवार
वायर सोफ्यामागून नेली. ऋचाचे बाबा विलास म्हणाले, युनिटच्या मेसमध्ये बेल पडून आहे, आणू का? त्यांना कळत नाही. बेल कुणीही आणतं.

१४ जुलै, सकाळी ११
बटण दाबून स्वयंपाकघरात पळाले. दिवा बंद. सहा वेळा पळाले.

दुपारी ४
बटण सोडलं की दिवा विझतो. मी एकटी, खोल्या दोन. चूक सर्किटची नाही. खलातला बत्ता बटणावर ठेवला. दिवा लागला! पण बत्त्याला भूक लागत नाही.

१९ जुलै, शनिवार
क्लासमध्ये हरलीन मॅडमनी विचारलं, प्रोजेक्ट चल रहा है? म्हटलं, पक्का. इनपुट थोडं स्लो आहे.

२४ जुलै
ऋचाच्या हाताने अजून एकदाही दिवा लागला नाही. ऋचा स्वतः उठून मॅगी करते, मी शेजारी उभी असताना. विचारलं तर म्हणाली, "मम्मी, व्हॉट्सॅप है ना."
बॅटरी बदलली.

२७ जुलै
बटण छोटं पडत असावं. मोठं लाल लावलं. तिने त्यावर टॉवेल टाकला. खुंटी वाटली असेल.

३० जुलै, संध्याकाळी ६
काळी पेटी भरून झाली. गाडी सकाळी साडेसहाला. पेटी दाराशी सरकवताना वायर तिच्याखाली आली. तुटली, जोडली, टेप लावली. बत्ता ठेवून पाहिलं, लागतो.
ऋचाच्या दारात जाऊन उभी राहिले. फोनवर बोलत होती. एक हेडफोन काढला.
म्हटलं, "ऋचा, मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. भूक नसली तरी चालेल. एकदाच दाबशील?"