मानेचा पट्टा आणि राजकुमारीचे पाय

आदरणीय लुपे आत्या,

मांगेरेहून तुमचा भाचा इनोके याचा वाकून नमस्कार. (किती वाकून, ते पुढे कळेलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? वादळात उडालेलं चर्चचं छप्पर बसवलं का? इकडे परदेशात आम्ही प्रभूच्या कृपेने ठीक आहोत. लिहायला बसलो तेव्हा तुमच्या सूनबाईने, सेईनीने, बजावलं, की जीभ सांभाळून लिहा, बाबांची बहीण म्हणजे आपल्या घरातलं सगळ्यात वरचं माणूस, त्यांनी मागितला तर फ्रीजसुद्धा काढून द्यावा लागतो. (मागच्या खेपेला नेलेला फ्रीज नीट चालतोय ना?)

तर राजकुमारी लोसालिने येऊन गेल्या. इथल्या आपल्या मंडळींचा वार्षिक मेळावा यंदा आमच्या चर्चमध्ये होता. राजकुमारी स्वतः हजर राहणार, असं पाळकसाहेबांनी जाहीर केलं आणि त्या रविवारपासून बाबा पार बदलले. त्याचं कारण तुम्हाला वेगळं सांगायला नको, कारण ते तुम्हीच आहात. तुम्ही दोघं लहान असताना थोरल्या राणीसाहेब आपल्या बेटावर आल्या, धक्क्यापासून चर्चपर्यंत चालत गेल्या, सगळं गाव रस्त्याच्या कडेला मान खाली घालून बसलं, आणि एकट्या तुम्ही मान वर करून त्यांचा चेहरा पाहिलात. त्या तुमच्याकडे बघून हसल्या आणि त्यांच्या गालाला खळी पडली. ती खळी आमच्या घराण्यात प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मयताला जेवणं झाली की हजर होते. बाबा तुमच्या शेजारीच बसले होते, पण ते पडले शिस्तीचे, त्यांना काहीच दिसलं नाही. आत्यांपुढे घरात कोणी बोलत नाही, त्यामुळे ते आयुष्यभर मुकाट ऐकत आले. इतकी वर्षं ते गावी का येत नाहीत, हे तुम्ही नेहमी विचारता. आम्हाला वाटायचं, विमानाला भितात. परवा सेईनीने खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "राजघराण्यातलं एक तोंड तरी बघून घेऊ दे, मग अक्कासमोर जाईन."

बाबांना स्वतःची मान चांगलीच माहीत आहे. राजघराण्यातलं कोणी दिसलं की ती आपोआप खाली जाते. (टीव्हीवर राजवाडा दिसला तरी ते ताटात बघतात.) म्हणून त्यांनी मानेचा पट्टा शोधून काढला. मान धरली होती तेव्हा डॉक्टरांनी दिलेला, आणि "मी काय कुत्रा आहे?" म्हणून कधीही न घातलेला. तो बांधला की हनुवटी वरच राहते. मग स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. सेईनी टेबलावरचं कापड अंगावर घेऊन राजकुमारी व्हायची आणि फ्रीजपासून (नव्या) दारापर्यंत चालायची. बाबा आपल्या रिवाजाप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळून जमिनीवर बसायचे. सुरुवातीला पट्ट्यामुळे मान वर राहायची, पण डोळे मिटायचे. शेवटी एकदा त्यांनी सुनेकडे इतकं टक लावून पाहिलं, की ती लाजून कापड टाकून गेली. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

मेळाव्याला हॉल गच्च भरला होता. भाजलेली डुकराची पिल्लं, नारळाच्या दुधातली अळूची पानं, सगळं मांडून झालं, बँडने सलामी दिली. बाबा अगदी पुढच्या चटईवर ताठ बसले होते. मी त्यांच्या मागे बसून फोनवर चित्रण करत होतो. मी इथे वाढलो, मला या वाकण्याबिकण्याचं काही वाटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. (त्यावरून तुम्ही मला सुनावलेलंही आठवतं.) राजकुमारी आत आल्या तसा सगळा हॉल शांत झाला. त्या आमच्या रांगेजवळ आल्या, आणि त्या शांततेत चर्रर्र असा आवाज झाला. बाबांनी पट्टा सोडला होता. सोडला, शेजारी नीट ठेवला आणि मान खाली घातली.

राजकुमारी थांबल्या. त्यांनी विचारलं, "मान दुखते का, आजोबा?"

"आता नाही दुखत," बाबा चटईला म्हणाले.

"मग वर बघा ना. माझी परवानगी आहे."

"आपली परवानगी आहे, पण मानेला सवय नाही, बाईसाहेब."

त्या हसल्या. हसल्याचं मला ऐकू आलं. मग क्षणभर बाबांच्या खांद्यावर हात ठेवून त्या पुढे गेल्या.

गाडीत मी बोलू नये तेवढं बोललो. एवढी तालीम, एवढी वर्षं, समोर येऊन त्या स्वतः सांगतायत वर बघा, आणि तुम्ही पट्टा सोडता? बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "अरे, त्या जवळ आल्या आणि मला वाटलं, पट्ट्याच्या जोरावर मी यांच्याकडे बघतोय. मग ते बघणं माझं कसं?" पुन्हा थोड्या वेळाने म्हणाले, "पाय ओळखीचे वाटले रे. चालताना उजवा पाय जरा बाहेर पडतो. थोरल्या राणीसाहेबांचा तसाच पडायचा." तेव्हा माझा राग कुठच्या कुठे गेला आणि मला फार वाईट वाटलं, आत्या. त्यांना काहीच दिसलं नाही असं आपण सगळे धरून चाललो होतो. त्यांनी काय पाहिलं, हे त्यांना कधी कोणी विचारलंच नाही.

घरच्या सगळ्यांचा नमस्कार. सेईनी तुमच्यासाठी गुडघ्याचं मलम पाठवते आहे.

तुमचा आज्ञाधारक,
इनोके

ता.क. चित्रण पाठवा असं तुम्ही म्हणाल. पाठवलं असतं. पण घरी येऊन पाहिलं, तर राजकुमारी दारातून आत येतात तिथून पुढे फोनमध्ये फक्त चटई आणि माझे स्वतःचे गुडघे आहेत. हसल्याचा आवाज मात्र स्वच्छ आला आहे. सेईनीने तो पाळकीणबाईंनाही ऐकवला. मी या विषयावर काही बोलू इच्छित नाही.

ता.क. दुसरा. खरं म्हणजे हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि धीर होत नव्हता. बाबांना तुम्हाला एक विचारायचं आहे. त्या दिवशी थोरल्या राणीसाहेबांच्या पायात काय होतं? त्यांना आठवतं, पण मला सांगत नाहीत. म्हणाले, "अक्काला विचार. तिला माहीत नसेल, तर तिने चेहरा पाहिला, आणि माझं काही म्हणणं नाही. माहीत असेल, तर मी येतो म्हणून कळव. मला तिच्या शेजारी बसायचंय." आत्या, मी लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, रागावू नका. उत्तर कोणालाही सांगणार नाही, खळीसुद्धा पुढच्या लग्नात आहे तशीच येऊ द्या. फक्त लवकर लिहा. बाबांनी बॅग भरून दारात ठेवली आहे, आणि पट्टा तिच्यात घातलेला नाही.