काळे पट्टे

३ जून, सोमवार. सकाळी ९.४०

गुडघ्याने दार दाबून धरलं तेव्हा कुठे काटा वर सरकला. पाय काढला की पुन्हा खाली. वाफ कडेने फुसफुसत निघून जाते. हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनच्या दाराचं रबर कडक झालं आहे, एवढंच. मशीन ठीक आहे.

ऑपरेशन थिएटरमधून दोनदा निरोप. तीन ट्रे बाकी. हत्यारं ब्रशने घासली होती, डोळ्यांना कण दिसत नव्हता. क्लीन म्हणजे आणखी काय असतं?

अडचण टेपची. हत्यारांच्या पुडक्यावरच्या टेपला नीट वाफ लागली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. पट्टे आले, पुडकं पास. आज आले नाहीत. घरची वाफेची इस्त्री एप्रनसाठी आणलेली होती. टेपवरून फिरवली. पट्टे आले. मशीनपेक्षा सुबक.

रजिस्टरमध्ये ‘क्लीन’च्या रकान्यात तीन खुणा केल्या. उद्या रबर बदलण्याचा अर्ज. नक्की.

४ जून

अर्ज लिहायला घेतला. ‘बिघाड कधीपासून’ या ओळीवर अडलो. फुसफुस महिनाभर तरी आहे. तसं लिहिलं तर महिनाभराच्या खुणांबद्दल कुणीतरी विचारणार. लोकांना दुसरे उद्योग नसतात.

नऊ वर्षांत माझ्यावर एक शेरा नाही. रेकॉर्ड क्लीन. वीस तारखेला तपासणी आहे. ती पार पडली की मोठ्या सिस्टर मला या खोलीचा इन्चार्ज करणार. अर्ज एकवीसला देईन. तारीख आत्ताच घालून ठेवली, म्हणजे चालढकल व्हायला नको.

७ जून

हात बसला. एका टेपला बारा सेकंद. ट्रे वेळेवर जातात. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, शिका जरा याच्याकडून.

बायकोने विचारलं, इस्त्री कुठे आहे. दुरुस्तीच्या कामात आहे म्हणालो. खोटं नाही.

११ जून

सहा नंबरच्या खाटेवर एक बाई आहेत. शाळेत भूगोल शिकवतात. साधं हर्नियाचं ऑपरेशन, पण टाके लाल झालेत, ताप उतरत नाही. डॉक्टर मोठ्या सिस्टरना म्हणत होते, अहो, ही तर क्लीन केस होती. त्यांच्या भाषेत क्लीन केस म्हणजे जिथे पू व्हायला काही कारणच नाही. मी पडद्याच्या अलीकडे ट्रे घेऊन उभा.

बाईंची प्रकृतीच नाजूक दिसते. काहींना टाके मानवत नाहीत. शिवाय भेटायला येणारे हात धूत नाहीत. वॉर्डाच्या दाराशी स्वतः पाटी लावली: हात धुवून आत या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, वा, तुम्हाला तरी काळजी आहे.

१३ जून

दोन नंबरच्या ट्रक ड्रायव्हरलाही पू. ट्रकमध्ये धूळ किती असते.

तरी उद्यापासून हत्यारं आधी अर्धा तास उकळणार. ठरवलं म्हणजे ठरवलं.

१४ जून

शेगडी कुणीतरी उचलून नेली आहे. सोमवारी बघू.

जाता जाता भूगोलाच्या बाईंनी हाक मारली. म्हणाल्या, भाऊ, जखमेला वास येतोय का हो, खरं सांगा, इथे कुणी खरं सांगत नाही. मी म्हणालो, छे. त्यांना बरं वाटलं. चांगला शब्द फुकट जात नाही.

१५ जून, शनिवार

बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी आपल्याकडेच करून टाकू, घरचं माणूस. ती खूश. जिन्यात शेजारणीला सांगत होती, तिथली हत्यारं आमचे हेच धुतात, त्यांत चेहरा दिसावा अशी, मग मला कसली भीती?

रात्रीचं जेवण झालं. मग म्हणालो, दुसरीकडे करू. तिने विचारलं, का? म्हणालो, तिथल्या खिडकीतून झाडं दिसतात. ती म्हणाली, मला भूल देणार ना, मग झाडं कोण बघणार, तुम्ही?

१६ जून

दुसऱ्या दवाखान्यात जाऊन आलो. शुक्रवारची वेळ मिळाली. त्यांची वाफेची खोली बघू द्या म्हणालो. तिथला माणूस फणकारला, असं कुणी विचारत नाही म्हणाला. तरी दाखवली. दाराचं रबर दाबून पाहिलं. मऊ. बाहेर आलो तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. दगड कसला, तेवढं कळलं नाही. उन्हाने असेल.

१७ जून, सोमवार. रात्री १०

उद्याच्या यादीतून बायकोचं नाव काढा, एवढंच मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी विचारलं, का? झाडांचं सांगितलं. त्यांनी हातातली यादी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, नऊ वर्षं इथली हत्यारं धुणारा माणूस स्वतःच्या बायकोला दुसरीकडे नेतोय.

तशाच उठल्या आणि माझ्या खोलीत गेल्या. नव्या पुडक्याला नवी टेप लावून मशीन स्वतः चालू केलं. चाळीस मिनिटं उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. पुडकं बाहेर काढलं. टेप कोरी. मग एप्रनखालची इस्त्री त्यांना दिसली. ती कशाला, हे विचारलं नाही. फक्त विचारलं, कधीपासून. त्या अर्जात होता तोच प्रश्न. या लोकांना दुसरा प्रश्नच सुचत नाही.

डॉक्टर म्हणाले, चावी ठेवा, उद्यापासून येऊ नका. माझ्या घरी फोन करून सगळं, भूगोलाच्या बाईंसकट, मोठ्या सिस्टरनीच सांगितलं.

चौकशी होऊ दे. क्लीन चिट मिळेल. मुद्दे काढले: रबर, पाहुण्यांचे हात, बाईंची प्रकृती, ट्रकमधली धूळ. चार मुद्दे भक्कम आहेत. बायकोला वाचून दाखवले. तिने ताट वाढलं आणि आत गेली.

१८ जून, मंगळवार

सकाळी आठला बायको चप्पल घालून निघाली. म्हणाली, त्या भूगोलाच्या बाईंना बघून येते. मी म्हणालो, थांब, मीही येतो. ती म्हणाली, तुम्ही नको.

दहाला तिचा फोन आला. सहा नंबरची खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवली होती.

मी विचारलं, घरी सोडलं का?

तिने फोन ठेवला.